डोहावरची पाटी

एका जंगलात, बाळांनो, सगळा कारभार दोनच वस्तूंवर चालत असे. एक पाटी आणि दुसरी घंटा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? जरा ऐका तर खरं.

ज्याच्या दारात पाटी असे, त्याच्याकडे येता-जाता नुसतं बघायचं. साळिंदराच्या बिळावर पाटी होती. एका बाजूला 'घरात आहे', दुसऱ्या बाजूला 'बाहेर गेलो आहे'. साळिंदर निघताना ती उलटी करून जायचा. अस्वलाच्या गुहेवर पाटी होती, 'झोपलो आहे'. ती बहुधा बदलतच नसे. पाटी एकदा बघा नाहीतर दिवसभर बघा. साळिंदराचा काटा हलत नसे आणि अस्वलाची कूस बदलत नसे.

घंटेचं तसं नव्हतं. घंटा वाजली म्हणजे कुणीतरी हातातलं काम टाकून उठणार. पोळ्याखाली घंटा होती, कारण मध हवा तर कुणाला तरी तो काढावा लागतो. सुतारपक्ष्याच्या झाडाखाली घंटा होती, कारण ढोली नुसती बघून तयार होत नाही. म्हणून घंटेला हात लावण्याआधी जो तो विचार करायचा. खरंच गरज आहे का? त्याची जेवणाची वेळ तर नाही? आणि घंटा वाजवून झाली की खाली बसायचं, निमूट वाट बघायची, अशी रीत होती. ही रीत कुणी शिकवत नसे. पिल्लं आईच्या मागून चालता चालताच ती उचलत.

सगळ्यांत मोठी घंटा डोहावर होती. काठावर दोन वाकडे खांब रोवलेले. दोघांची पोटं बाहेर फुगलेली, डोकी आणि पाय आत वळलेले. त्यांच्या मधोमध ती घंटा. वाजली की पार डोंगरापर्यंत ऐकू जायची आणि सगळं जंगल विचारायचं, "कोण गं? काय झालं?"

ती घंटा ठकूमावशीची होती.

ठकूमावशी म्हणजे डोहातली म्हातारी कासवीण. डोहाच्या तळाशी एक झरा होता. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे त्या झऱ्याला विचारल्याशिवाय कळत नसे, आणि झऱ्याची भाषा एकट्या ठकूमावशीला येत असे. घंटा वाजली की ती बुडी मारायची. तळाला जाऊन झऱ्याच्या तोंडावर पोट टेकवायची. थंड लागलं, गुदगुल्या झाल्या, की पाणी ठीक. मग वर येऊन सांगायची, "ठीक आहे गं बाई. पण जरा थांब."

थांबायचं अशासाठी, की तळाला पिठासारखा बारीक चिखल होता. ठकूमावशी कितीही अलगद गेली तरी तो उठायचा. सगळा डोह चहासारखा व्हायचा. मग गाळ खाली बसेपर्यंत घंटा वाजवणाऱ्याने काठावर बसायचं. तोवर सुखदुःखाच्या गोष्टी व्हायच्या. कुणाचं पोट दुखलं किंवा ऊन फारच वाढलं, तरच घंटा वाजायची. त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

त्या वर्षी ठकूमावशीने काठावरच्या वाळूत अंडी घातली.

अंडी ती दर वर्षीच घालायची. पण पिल्लं कधी पाण्यापर्यंत पोचली नव्हती. वाळूपासून पाण्यापर्यंतची वाट तशी थोडकीच. पण त्या वाटेवर जांभळाचं झाड होतं आणि जांभळावर डोमकावळे होते. पिल्लं निघायची तेव्हा ठकूमावशी नेमकी कुठेतरी असायची. एकदा झोपलेली होती. एकदा पलीकडच्या काठाला गेलेली. या वर्षी तिने ठरवलं होतं. खायला मिळो न मिळो, अंडी फुटतील तेव्हा आपण वाळूत असायचं. पाठीची ढाल करून सगळ्यांना पाण्यापर्यंत न्यायचं. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. ती तिने कुणाला सांगितली नव्हती. तिला बोलायचा संकोच वाटायचा.

आता ऐका, गंमत कुठे झाली.

जंगलाचा राजा गवा होता. भला माणूस, म्हणजे भला गवा. पण त्याचा एक शोभामंत्री होता. नीळकंठराव मोर. नीळकंठराव एकदा डोहावर आले. पाण्यात स्वतःला बघून झालं, मग त्यांची नजर घंटेवर गेली.

"हे काय?" ते म्हणाले. "हे दोन वाकडे खांब! किती ओंगळ दिसतंय!"

"ती घंटा आहे," ठकूमावशी म्हणाली.

"ते दिसतंय मला. पण साळिंदराकडे कशी सुटसुटीत पाटी आहे. अस्वलाकडे पाटी आहे. आणि इथे घंटा वाजवा, खाली बसा, वाट बघा! हा कुठला जमाना? एकाला पाटी, एकाला घंटा, हा भेदभाव आहे. सगळीकडे सारखंच दिसलं पाहिजे."

"पण साहेब, साळिंदराला बुडी मारावी लागत नाही."

"ते तुमच्या आतलं झालं, मावशी. बघणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय?"

ठकूमावशीला उत्तर सुचलं होतं. पण ते जिभेवर येईपर्यंत नीळकंठराव निघून गेले होते.

दुसऱ्याच दिवशी खांब उपटले. घंटा फार जड निघाली. ती तात्पुरती जांभळाच्या खालच्या फांदीला टांगली. "पुढे बघू कुठे ठेवायची ते," असं ठरलं, आणि अर्थातच पुढे कुणी बघितलं नाही. घंटेच्या जागी आली एक सुंदर पाटी. कडेने मोरपिसं लावलेली. वर लिहिलेलं, 'पाणी', आणि खाली एक फिरती फळी. एका बाजूला 'ठीक', दुसऱ्या बाजूला 'गढूळ'.

पाटीच्या मागे घाणेरीचं झुडूप होतं. त्यात खंडू नावाचा खंड्या बसवला. त्याच्या चोचीत वेलीचं एक टोक आणि वेलीचं दुसरं टोक फास करून ठकूमावशीच्या मागच्या पायात. कुणी पाटीकडे बघितलं की खंडूने वेल ओढायची. ठकूमावशीने बुडी मारायची, झऱ्याला पोट लावायचं, वर यायचं आणि पाणी कसं ते सांगायचं. खंडूने फळी फिरवायची. समोरून मात्र यातलं काही दिसत नव्हतं. समोरून नुसती पाटी.

उद्घाटनाला गवाराजे आले. त्यांनी पाटीकडे बघितलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फळी फिरली. 'ठीक'.

"वा!" राजे म्हणाले. "पण जरा सावकाश चालते, नाही का?"

"नवी आहे महाराज," नीळकंठराव म्हणाले. "रुळेल."

आणि बाळांनो, जंगल खूश झालं. बघायला कुणाला आवडत नाही? घंटा वाजवताना जी भेकरवहिनी मनात सात वेळा विचार करायची, ती आता गवत खाता खाता पाटीकडे बघायची. जाताना बघायची, येताना बघायची. पाणी प्यायचं नसलं तरी बघायची.

"वहिनी," ठकूमावशी एकदा धापा टाकत म्हणाली, "तहान नसेल तर नका ना बघू."

"अगं बाई! बघायला काय जातंय?" भेकरवहिनी म्हणाली. "पाटीच तर आहे. तुझं काय जळतंय त्यात?"

ठकूमावशी सांगणार होती की बघितलं म्हणजे मला खाली जावं लागतं. पण बोलता बोलता भेकरवहिनीने परत पाटीकडे बघितलं. वेल ताणली गेली. ठकूमावशी वाक्यासकट पाण्यात गेली.

"काय बाई ही!" भेकरवहिनी म्हणाली. "बोलता बोलता उठून जाते. रीतभात म्हणून नाही."

आता पुढचं तुम्हीच ओळखा. एवढ्या बुड्या मारल्यावर डोहाचं काय होणार? गाळ खाली बसायला सवडच मिळेना. पाणी दिवसभर चहासारखं. फळीवर 'गढूळ' आलं. मग तर जो तो काळजीने बघायला लागला. निवळलं का? बघू. आता निवळलं असेल. परत बघू. जितकं बघावं तितकं पाणी गढूळ, आणि जितकं गढूळ तितकं बघणं. जंगल तहानेने व्याकूळ झालं आणि पाटीसमोर रांग लागली.

"खंडू, बाबा, एखाद वेळ नको ना ओढूस," ठकूमावशी म्हणाली.

"मावशी, मी काय करू?" खंडू म्हणाला. "माझी चोच दुखायला लागलीय. पण समोरच्याने बघितलं म्हणजे बघितलं. डोळ्यांवर कुणाची सत्ता चालते?"

फास तसा सैलच होता. पाय जरा आखडून घेतला असता तर निघाला असता. पण फास सैल असला तरी हुकूम घट्ट होता. तो काढता येतो, हे ठकूमावशीच्या मनातच आलं नाही.

एके दिवशी धीर करून ती नीळकंठरावांकडे गेली. म्हणजे वेल जितकी लांब जाईल तितकी गेली आणि तिथून हाक मारली.

"साहेब, पाणी बघण्यानेच खराब होतंय."

नीळकंठराव हसले. "मावशी, बघण्याने कधी काही खराब झालंय? मला रोज सगळे बघतात. मी झालो खराब?"

"तसं नाही साहेब. बघितलं की मी खाली जाते. मी गेले की चिखल उठतो."

"मग चिखल न उठवता जात जा."

"आणि माझी अंडी आहेत वाळूत. फुटायला आलीत. मला तिथे थांबायचंय."

"थांबा की! कोण नको म्हणतंय? पाटी आहे ना आता. पूर्वीसारखं घंटेला ओ द्यायला नको. तुमचं काम तर आम्ही कमीच केलं."

ठकूमावशी माघारी फिरली. जांभळावर डोमकावळे बसले होते. त्यातला एक लवून म्हणाला, "मावशी, तुम्ही जा निर्धास्त खाली. पिल्लांकडे आम्ही बघतो."

बाकीचे खो खो हसले.

लोकांची कुरकुर वाढली. नीळकंठरावांनी विचार केला, गढूळ पाण्यापेक्षा पाटीवरचा विश्वास उडणं वाईट. मग त्यांनी एक उपाय काढला. सामूहिक पाटीदर्शन! सगळ्या जंगलाने एका सकाळी डोहावर यायचं आणि सगळ्यांनी मिळून पाटीकडे बघायचं. राजांचं भाषण, नंतर नाच. नाच अर्थातच नीळकंठरावांचा.

तो दिवस उजाडला. डोहावर ही गर्दी! रानडुकरं सहकुटुंब आलेली. वानरं झाडांवर लटकलेली. भेकरवहिनीने पुढची जागा धरलेली.

आणि बाळांनो, त्याच सकाळी वाळू हलली.

ठकूमावशी तेव्हा नुकतीच वर येऊन काठावर पडली होती. तिने वाळू हललेली बघितली. वाळूतून एक इवलंसं नाक वर आलं. मग एक पाय. जांभळावरचे कावळे बोलायचे थांबले आणि खालच्या फांदीवर उतरायला लागले.

"सख्ख्या बंधूंनो!" तिकडे नीळकंठरावांचा आवाज आला. "आता सगळे पाटीकडे बघा!"

वेल ताणली. ठकूमावशी मागे ओढली गेली. तिने पुढचे पाय वाळूत रोवले. वेल परत ताणली. तिकडे गर्दी बघतच होती आणि खंडू बिचारा चोच घट्ट मिटून ओढतच होता. ठकूमावशी वीतभर पाण्याकडे सरकली. दुसरं नाक वर आलं. पहिला कावळा वाळूत उतरला.

तेव्हा ठकूमावशीने आयुष्यात पहिल्यांदा हुकूम मोडला. तिने पाय आखडून घेतला. फास निघाला.

पण निघालेली वेल खंडूकडे सुटून गेली असती तर दुसऱ्या कुणीतरी येऊन ती परत बांधलीच असती. सरकारी वेल रिकामी राहत नाही. ठकूमावशीने वेल तोंडात धरली. आजूबाजूला बघितलं. डोक्यावरच जांभळाची फांदी होती, फांदीला जुनी घंटा होती आणि घंटेच्या लोलकाचा दोर लोंबत पार वाळूवर आलेला होता. तिने फास त्या दोरात अडकवला आणि पिल्लांकडे वळली.

तिकडे गर्दीने परत पाटीकडे बघितलं.

ठण्ण!

जांभूळ मुळापासून हादरलं. फांदीवरचे कावळे फडफडत उडाले. वाळूतला कावळा चोच वासून तसाच वर गेला.

घंटेचा आवाज कितीतरी दिवसांनी आला होता. सगळं जंगल जुन्या सवयीने मटकन खाली बसलं. राजेसुद्धा बसले.

"कोण गं? काय झालं?" सगळीकडून आवाज आला.

"घंटा कुणी वाजवली?" राजांनी विचारलं.

भेकरवहिनी पाटीकडे बघत म्हणाली, "मी नाही हं महाराज. मी तर नुसती..."

ठण्ण!

सगळ्यांनी भेकरवहिनीकडे बघितलं.

"मी हातसुद्धा लावला नाही! मी नुसतं बघितलं!"

"नीळकंठराव," राजे म्हणाले, "तुम्ही बघा बरं."

नीळकंठरावांनी मान वाकडी करून कडेच्या डोळ्याने बघितलं. ठण्ण!

"योगायोग, महाराज."

"परत बघा."

ठण्ण!

मग राजांनी स्वतः बघितलं. ठण्ण! राजांना गंमत वाटली. त्यांनी डोळे मिटून उघडले. ठण्ण! मग काय विचारता, वानरांनी सुरुवात केली. एकाने बघावं, दुसऱ्याने बघावं, बापाने बघून पोराला दाखवावं. ठण्ण, ठण्ण, ठण्ण! कावळे दरवेळी बसायला यायचे आणि दरवेळी उधळायचे. शेवटी त्यातला म्हातारा कावळा म्हणाला, "चला रे. या जंगलात शांतपणे जेवायची सोय राहिली नाही." ते डोंगरापलीकडे निघून गेले.

इकडे पिल्लं वाळूतून चालत होती. पुढे ठकूमावशी, मागे तिची इवली इवली रांग. तिने पाठीची ढाल केली होती. पण ढालीवर चोच मारायला कुणी आलंच नाही. ज्या बघण्याने तिचा जीव काढला होता, तेच बघणं आज तिकडे घंटा बडवत तिच्या पिल्लांची राखण करत होतं. पहिलं पिल्लू पाण्यात शिरलं. मग दुसरं. मग सगळी. ठकूमावशी काठावरच थांबली. तिला रडायला येत होतं. पण कासवाचं रडणं कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि बघता बघता डोह निवळला. फास सुटल्यापासून तळाला कुणी गेलंच नव्हतं ना! गाळ खाली बसला. तळाचा झरा वरून दिसायला लागला.

राजांनी पाण्याकडे बघितलं. मग पाटीकडे बघितलं. ठण्ण! पाटीवर अजून 'गढूळ' होतं.

"हे काय गौडबंगाल आहे?" ते म्हणाले.

तेव्हा ठकूमावशी पुढे आली. तिने सगळं सांगितलं. वेल, खंडू, बुडी, चिखल. अडखळत सांगितलं, पण या वेळी मध्येच तिला ओढून नेणारं कुणी नव्हतं, म्हणून वाक्य पूर्ण झालं. झुडपातून खंडूही बाहेर आला आणि त्याने सगळ्यांना सुजलेली चोच दाखवली.

भेकरवहिनी जमिनीकडे बघायला लागली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "मग सांगायचं नाही का?"

राजांनी नीळकंठरावांकडे बघितलं. नीळकंठरावांनी पिसारा फुलवला, म्हणजे तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो.

"महाराज," ते म्हणाले, "हेच तर मला सिद्ध करायचं होतं! बघण्यामागे श्रम असतात. जंगलाला श्रमांची जाणीव झाली पाहिजे. म्हणून मी ही घंटायोजना आखली."

टाळ्या पडल्या. खांब परत रोवले. या वेळी त्यांना मोरपिसं लावली. घंटा परत मधोमध आली आणि खाली लिहिलं, 'नीळकंठरावांच्या कल्पनेतून साकार'. ठकूमावशीला काही वाटलं नाही. तिची पिल्लं पाण्यात एकमेकांवर चढत होती. त्यातल्या एकाने मान वर करून काढून ठेवलेल्या पाटीकडे टुकूटुकू बघितलं. ठकूमावशीचा मागचा पाय आपोआप ताठ झाला. मग तिला आठवलं, आणि तिने तो सैल सोडला.

पण नीळकंठरावांना घंटेची गोडी लागली होती. ते म्हणाले, एकाला घंटा आणि एकाला पाटी, हा भेदभाव आहे. सगळीकडे सारखंच दिसलं पाहिजे.

आता त्या जंगलात साळिंदर घरात आहे का ते बघायला घंटा वाजवावी लागते. साळिंदर उठून दार उघडतो आणि सांगतो, "मी घरात आहे." तो बाहेर गेला असेल तर डोंगरावरून धावत येऊन सांगतो, "मी घरात नाही." आणि अस्वलाच्या गुहेबाहेर घंटा वाजवली की ते डोळे चोळत बाहेर येतं, नियमाप्रमाणे म्हणतं, "मी झोपलो आहे," आणि परत आत जातं.

तात्पर्य: बाळांनो, कोणतीही वस्तू बघायला सोपी दिसली की मनसोक्त बघावी. तिच्यामागे कुणी बुडत असेल, तर त्याने चिखल न उठवता बुडावं. त्याने वर येऊन घंटा वाजवलीच, तर खाली बसावं, टाळ्या वाजवाव्यात आणि ती घंटा मुळात आपल्यालाच सुचली होती असं सांगावं.